अंडर ऑफिसर साहेब

माणसाचा आवाज दोनदा फुटतो. एकदा निसर्गनियमाने, चौदाव्या-पंधराव्या वर्षी. आणि दुसऱ्यांदा एनसीसीत सार्जंट झाल्यावर. पहिल्या वेळी घरच्यांना कौतुक वाटतं. दुसऱ्या वेळी शेजारी येऊन विचारतात, "काय हो, सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?" कारण पहाटे साडेपाचला गच्चीवर कुणीतरी "साऽऽव" म्हणून गळा काढतं, मग दोन सेकंद जीवघेणी शांतता, आणि मग "धान!" त्या 'धान'ने पाण्याच्या टाकीवरचे पारवे उडतात. खाली दूधवाला जागच्या जागी टाचा जुळवतो, कारण चौथीपर्यंत का होईना, तोही शाळेत गेलेला असतो.

हा आवाज ज्याचा, तो आमच्या कॉलेजचा सिनिअर अंडर ऑफिसर. दरवर्षी मुलगा बदलतो, आवाज तोच राहतो. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं. मी तिथे अर्थशास्त्र शिकवतो आणि माझ्या वर्गाच्या खिडक्या नेमक्या ग्राउंडकडे उघडतात. मी फळ्यावर मागणीची रेषा खाली आणत असतो, तेवढ्यात बाहेरून "पीछेऽऽ मूड!" येतं आणि मागच्या बाकावरचे दोघं कॅडेट बसल्या जागी वळवळतात. ज्युनिअर मुलं त्याला तोंडावर 'सर' म्हणतात. पाठीमागे त्याचं नाव 'थमदादा'.

थमदादा एनसीसीत येतो तो देशसेवेसाठी नव्हे. फॉर्मवर तसं लिहितो, ती गोष्ट वेगळी. कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की परेडनंतर रिफ्रेशमेंट मिळतं. दोन समोसे, एक केळं, कधी उकडलेलं अंडं. हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवणाऱ्या मुलाला यापेक्षा मोठं राष्ट्रीय कारण लागत नाही. दुसरं कारण म्हणजे भरती. घरात एखादा मामा सैन्यात असतो आणि 'सी सर्टिफिकेट काढ, बाकी बघू' असं तो सुट्टीवर आला की बजावून जातो.

पहिल्या दिवशी हाच मुलगा ग्राउंडवर इतरांसारखा गोंधळलेला उभा असतो. बटालियनकडून आलेले उस्ताद, म्हणजे फौजेतले हवालदार, "लंबा दाहिने, छोटा बाएँ" म्हणून सगळ्यांना उंचीप्रमाणे लावतात. आयुष्यात पहिल्यांदाच कळतं की आपली जागा नेमकी कुठे आहे: मधल्या ओळीत, डावीकडून चौथी. घरी, वर्गात, गावच्या पारावर असं कुणी सांगितलेलं नसतं. ती जागा त्याला जी आवडते, ती कायमची.

मग मोजमापं सुरू होतात. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या आणि पंजांमध्ये तीस अंशांचा कोन. विश्राममध्ये दोन पायांत बारा इंच. चालताना पाऊल तीस इंचांचं. दहावीला भूमितीत काठावर सुटलेला हा मुलगा सहा महिन्यांत नुसत्या नजरेने सांगू लागतो, "तुझा पस्तीस झालाय, आत घे." बसस्टँडवर बायकांच्या रांगेकडे तो बघतो, असा मुलींचा गैरसमज होतो. तो बघत असतो रांगेचं ड्रेसिंग. तिसऱ्या नंबरच्या आजी अर्धं पाऊल पुढे आहेत, हे त्याला सहन होत नाही.

उस्तादांचा आणि त्याचा फरक इथेच सांगून टाकतो. उस्ताद खरे फौजी. ते हुकूम देताना ओरडतात, तो संपला की साध्या माणसासारखं बोलतात, घरी शेतात काय लावलंय ते विचारतात. अंडर ऑफिसरला मात्र हुकूम कुठे संपतो हे कळत नाही. कॅन्टीनमध्ये तो "दोन चहाऽऽ" म्हणतो, पोऱ्या फडकं खांद्यावर टाकून थांबतो, आणि मग येतं "दे!" फोनवर आईशी बोलतानासुद्धा "मी जेवलोऽऽ" आणि "आहे" यांच्यामध्ये एवढा वेळ जातो की माऊलीचा जीव टांगणीला लागतो.

पण या थांब्याची थट्टा करू नये, कारण सगळी विद्या तिथेच आहे. ड्रिलच्या हुकुमाचा पहिला भाग सांगतो की आता काय करायचं आहे. दुसरा भाग सांगतो की आत्ता कर. मधल्या वेळात तीस-चाळीस मुलं श्वास रोखून असतात. तो वेळ लहान झाला तर अर्ध्यांच्या कानात हुकूम शिरतच नाही; लांबला तर कुणीतरी उतावळा आधीच वळतो. शिवाय चालत्या तुकडीला 'थम' कुठल्या पायावर द्यायचा हे ठरलेलं असतं. भलत्याच पायावर दिला की पहिली ओळ थांबते, दुसरी पहिलीच्या पाठीवर आदळते, आणि तिसरी तसल्या कटकटीत न पडता पुढे निघून जाते. थमदादाचं 'थम' कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. एकोणीस वर्षांच्या ज्या मुलाला घरात टीव्हीचा रिमोटही मिळत नाही, त्याच्या एका अक्षरावर चाळीस उजवे पाय एकाच वेळी जमिनीवर येतात. असा धनी झाल्यावर माणूस चहा साध्या आवाजात कशाला मागेल?

दर बॅचमध्ये एक तरी मुलगा असा निघतो की 'तेज चल' म्हटलं की त्याचा उजवा हात उजव्या पायाबरोबर पुढे जातो. हा मुलगा बालवाडीपासून कॉलेजपर्यंत व्यवस्थित चालत आलेला असतो. आईच्या पोटातून कुणी असा चालत येत नाही. पण 'हात हलव' असं सांगितलं की डोकं मध्ये पडतं आणि अठरा वर्षांची सवय मोडते. बाकीचे हसतात, उस्ताद कपाळाला हात लावतात, मुलगा रडकुंडीला येतो. अशा वेळी थमदादाला बघावं. तो त्या मुलाला ग्राउंडच्या कडेने घेऊन जातो आणि भलतंच बोलू लागतो. तुमच्याकडे ऊस किती, यंदा कारखान्याने पहिली उचल किती दिली, गावची जत्रा कधी. मुलगा बोलता बोलता सरळ चालू लागतो, हात आपोआप उलट्या पायाबरोबर जाऊ लागतात. थमदादा बोलणं न तोडता हळूच, त्याच्या त्या आवाजाचा मागमूसही न ठेवता, "एक-दो, एक-दो" म्हणत राहतो. अंधार पडेपर्यंत हे चालतं. आमच्या कॉलेजात शिक्षणशास्त्राच्या पदव्या असलेले बरेच जण आहेत, मी धरून. इतकं नेमकं शिकवताना मी त्यातल्या कुणालाही पाहिलेलं नाही.

शनिवारची रात्र पॉलिशची. हॉस्टेलच्या वरांड्यात वर्तमानपत्र पसरून तो बसतो. चेरी ब्लॉसमची डबी, कापूस, वाटीत पाणी. कापसाला पॉलिश किंचित, पाण्याचा थेंब एखादाच, आणि बुटाच्या टोकावर लहान लहान गोल. घाई केली की डाग पडतात. तासाभराने त्या टोकात वरांड्यातला बल्ब दिसू लागतो. मग बकलाला ब्रासो. मग बेरेटची घडी, लाल हॅकलचा तुरा सरळ. गणवेशाला इतका स्टार्च की शर्ट हँगरशिवाय उभा राहील. त्याची इस्त्री मोडू नये म्हणून तो रविवारी एसटीत उभ्याने प्रवास करतो, गाडी रिकामी असली तरी. कंडक्टर "बसा की राव" म्हणून थकतो. शेवटी तोच इतर प्रवाशांना सांगतो, "त्यांना बसता येत नाही."

टोपी डोक्यावर नसेल तर सॅल्यूट नाही, हा नियम. त्यामुळे कॉरिडॉरमध्ये कुणी सर दिसले की थमदादा खांबासारखा ताठ होतो आणि "जय हिंद, सर!" म्हणतो. नव्या प्राध्यापिका पहिल्या आठवड्यात दचकतात. आमचे रसायनशास्त्राचे सहकारी मात्र शांतपणे "जय हिंद" म्हणून पुढे जातात, कारण तेच एनसीसीचे अधिकारी. ते कामठीच्या अकादमीत ट्रेनिंग घेऊन आले तेव्हा स्टाफरूममध्ये लेफ्टनंट म्हणून दाखल झाले, आणि तेव्हापासून त्यांच्या कपाटाची चावी एकदाही हरवलेली नाही.

एवढं सगळं जमणारा हा मुलगा लेखी परीक्षेला मात्र घाबरतो. एनसीसीच्या बी आणि सी सर्टिफिकेटच्या परीक्षेला ड्रिलवर प्रश्न असतात. ड्रिल कुणी सुरू केली? उत्तर पाठ: जर्मनीचे मेजर जनरल ड्राल, सन १६६६. पिढ्यान्‌पिढ्या कॅडेट हे घोकत आले आहेत. इतिहासाचे प्राध्यापक यावर दरवर्षी चिडतात. त्यांचं म्हणणं, नेदरलँड्समध्ये मॉरिस ऑफ नासाऊने सोळाव्या शतकाच्या शेवटीच सैनिकांना हुकुमावर हलायला शिकवलं आणि १६०७ मध्ये त्या कवायतीचं सचित्र पुस्तकही निघालं. मग हे ड्राल साहेब नंतर कुठून उपटले? थमदादा त्यांचं सगळं आदराने ऐकून घेतो आणि म्हणतो, "सर, पेपरला ड्रालच लिहायचं असतंय." वादाचा निकाल लावण्याची ही पद्धत इतिहासाच्या प्राध्यापकांना अजून सापडलेली नाही.

कॅडेटच्या परीक्षेच्या पुस्तकात ड्रिलमधल्या वाईट सवयींची यादी आहे. डोळे फिरवणं, पाय घासत चालणं, टाचा आपटणं, उड्या मारणं. आणि शेवटी, बुटाच्या आत पायाची बोटं हलवणं. बंद बुटातली बोटं हललेली बाहेरून कुणाला कशी दिसणार, हा प्रश्न मी एकदा थमदादाला विचारला. तो आधी गंभीर झाला, मग इकडे-तिकडे बघून म्हणाला, "सर, पुस्तकात वाईट सवय आहे. पण पाहुणे उशिरा आले की उस्ताद गुपचूप सांगतात, बोटं हलवत राहा, नाहीतर चक्कर येईल." ते खरंच आहे. ताठ, न हलता उभं राहिलं की रक्त पायांत उतरून साचतं, मेंदूला कमी पडतं आणि धडधाकट मुलगा आडवा होतो. बोटं आणि पोटऱ्या आवळत राहिलं तर ते वर ढकललं जातं. पाहुणे उशिरा येणार, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नसतं. ते गृहीत असतं.

ज्यांचं वय आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे त्यांना ही सगळी मंडळी मवाळ वाटतील. एनसीसी १९४८ च्या कायद्याने सुरू झाली, पण चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये ती कॉलेजात सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. त्या पाच वर्षांतल्या आजोबांना अजून 'बाएँ मूड' म्हटलं की ते कुठल्या तरी एका बाजूला वळतात. सक्तीने आलेला कॅडेट आणि हौशीने आलेला कॅडेट यांत हाच फरक. आणि मुली? त्यांचा विभाग १९४९ पासूनचा. माझ्या पाहण्यातली सगळ्यांत करडी अंडर ऑफिसर एक मुलगीच होती. अंबाडा इतका घट्ट की भुवया वर ओढल्या जात, आणि आवाज असा की मुलांची तुकडीसुद्धा चुकून तिच्या हुकुमावर वळायची. तिलाही मागून काहीतरी नाव असणार. पण ते उच्चारायची कुणाची छाती झाली नाही.

थमदादाचा खरा दिवस म्हणजे सव्वीस जानेवारी. त्याच्या आधीचा महिनाभर 'दाहिने देख' घोटून घेतलेलं असतं. मानवंदनेच्या जागी तुकडी आली की सगळ्यांच्या माना झटक्यात उजवीकडे, फक्त अगदी उजव्या टोकाचा दर्शक समोर बघत राहतो, कारण कुणीतरी रस्त्याकडे बघायला हवं. एका वर्षी सगळं तयार झालं. आणि पहाटे सहाला येऊन पाहतो तो मंडपवाल्याने मंच ग्राउंडच्या डाव्या अंगाला ठोकलेला. उजवीकडे आता फक्त सायकल स्टँड आणि मुतारी.

"अहो, तिकडं साहेबांच्या डोळ्यांत ऊन येतंय," मंडपवाला म्हणाला.

"मग चाळीस जणांनी सॅल्यूट कुणाला मारायचा? सायकलींना?"

"तुमी मान इकडं वळवा की. मंच कसा वळवणार? लोखंडी हाय."

'बाएँ देख' नावाचा हुकूम असतो. पण तुकडीने तो कधी केलेला नव्हता, आणि तासाभरात चाळीस माना दुसऱ्या बाजूला शिकवणं म्हणजे काय हे थमदादाला ठाऊक होतं. त्याने एक मिनिट विचार केला आणि तुकडीचा रस्ताच उलटा केला: मागच्या फाटकातून आत यायचं, म्हणजे मंच उजव्या हाताला येतो. उत्तम तोडगा. फक्त त्याच्या मागून येणाऱ्या हायस्कूलच्या स्काउट पथकाला हे कुणी कळवलं नाही.

पाहुणे, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, पाऊण तास उशिरा आले. त्यांना त्या सकाळी आणखी तीन ठिकाणी झेंडे होते. थमदादाने पुढे होऊन सॅल्यूट केला आणि "श्रीमान, परेड आपके निरीक्षण के लिए हाजिर है" असं तारस्वरात सांगितलं. अध्यक्षांनी सॅल्यूटचा हात धरून हस्तांदोलन केलं आणि "वा, वा, बसा," म्हणाले. निरीक्षण त्यांनी सकाळच्या फेरफटक्याच्या वेगाने उरकलं. मधेच एका कॅडेटपाशी थांबून विचारलं, "तू पाटलांचा ना रे?" सावधानमध्ये बोलायचं नसतं. मुलगा समोर बघत राहिला. "होय होय, तसाच आहे अगदी, बापासारखा," म्हणून अध्यक्ष पुढे गेले.

मग संचलन. मागच्या फाटकातून थमदादाची तुकडी, आणि बँडच्या तालावर पुढच्या फाटकातून स्काउटची छोटी मुलं, एकमेकांच्या दिशेने, मंचाच्या बरोबर समोर. प्राचार्यांनी डोळे मिटले. वीस पावलं उरली, पंधरा, आणि मग ग्राउंडवर एकच अक्षर घुमलं. एनसीसीची तुकडी थांबली. स्काउट थांबले. बँड थांबला. मंचाच्या पायऱ्या चढणारे अध्यक्षसुद्धा एक पाय वर, एक पाय खाली, असे थांबले. रस्त्यावरून चाललेला ट्रॅक्टर थांबला, असं मंडपवाला आजही सांगतो. त्यात भर घातलेली असावी. स्काउटना बाजूने काढून देऊन थमदादाने जागेवर 'कदम ताल' धरला आणि तिथून "आगे बढ़" दिलं, आणि चाळीस माना उजवीकडे अशा वळल्या की अध्यक्षांनी नकळत आपला फेटा सारखा केला.

पुढे या मुलांचं काय होतं? काही थोडे खरोखर अधिकारी होतात. सी सर्टिफिकेटवाल्यांना सैन्यात खास प्रवेशाची वाट आहे, तिथे लेखी परीक्षा नसते, थेट एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत. आमचा मुलगा भोपाळला जातो, पाच दिवस राहतो, परत येतो. तिथे मानसशास्त्राच्या चाचण्या असतात, गटचर्चा असते, अडथळे असतात. आवाजाला वेगळे मार्क नसतात. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराच्या निवडीतही तो आधीच्या चाळणीत कुठेतरी राहिलेला असतो. महाराष्ट्राच्या कॅडेटनी तिथून पंतप्रधानांचा ध्वज आणला की मात्र तो स्वतः आणल्यासारखे पेढे वाटतो. नंतर बँक, जिल्हा परिषद, विमा कंपनी, पोलिस. पोट सुटतं, बेरेट कपाटात जाते, तीस अंशांचा कोन तेवढा राहतो. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना तो नकळत कदवार, म्हणजे उंचीप्रमाणे, लावतो.

तेव्हा तुमच्या सोसायटीत पन्नाशीचा एखादा गृहस्थ लिफ्टच्या रांगेत टाचा जुळवून उभा राहत असेल, तर पंचवीस जानेवारीच्या संध्याकाळीच झेंड्याची दोरी त्याच्या ताब्यात द्या. झेंडा घडी करून, आत पाकळ्या ठेवून, एका झटक्यात सुटेल अशी सुरगाठ इमारतीत त्याला एकट्यालाच येते. बाकीचे निरगाठ मारतात आणि मग ऐन वेळी शिडी शोधतात. त्याबदल्यात तो पहाटे पाचला बेल वाजवील, मुलांना उंचीप्रमाणे लावील, सेक्रेटरींना अर्धं पाऊल मागे घेईल. घेऊ द्या. आणि त्याने "विसर्जन" म्हटल्याशिवाय कुणी जिलबीच्या टेबलाकडे वळू नका.